यादीतला बिननावाचा

मापारीने घरच्या माणसांना कोटा बसवायचं ठरवलं ते एका शनिवारी सकाळी, दाढी करताना. (त्याचे बहुतेक घातक निर्णय दाढी करतानाच झालेले आहेत. त्याने दाढी वाढवावी, असं बायकोचं फार दिवसांचं म्हणणं आहे.)

मापारी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर राहतात, त्याचा तो कारभारी. कोणी किती जागा वापरायची ते तो ठरवतो, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करतो आणि एंटर दाबतो. मग अकाउंट्सच्या बाई असोत की खुद्द मोठे साहेब, मर्यादा संपली की फाइल सेव्ह होत नाही आणि स्वारी मुकाट्याने त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहते. पाठीमागे लोक त्याला मापारी म्हणतात. हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

घरी मात्र त्याला कोणी विचारत नसे. जिन्याखालच्या कपाटात त्याने एक जुना कॉम्प्युटर बसवला होता आणि बायको, मुलगी, सासूबाई, सगळ्यांच्या फायली त्यावर राहत होत्या. तो आता भरत आला होता. बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिच्या फायली जड. ती म्हणाली, नवी डिस्क आणा. मापारी म्हणाला, प्रश्न डिस्कचा नाही, शिस्तीचा आहे.

दुपारी जेवताना त्याने नियम जाहीर केले. पहिली मर्यादा मऊ. ती ओलांडली तर ताकीद मिळेल आणि सुधारायला थोडी मुदत. दुसरी कडक. तिच्यापुढे एक अक्षरही सेव्ह होणार नाही. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या गाण्यांची चौकशी केली, बायको नुसतंच पाणी प्यायली, आणि मुलीने विचारलं, "बाबा, आणि तुला किती?"

मापारीने घास खाली ठेवला. "मला शून्य," तो हळू आवाजात म्हणाला.

सासूबाईंना तर भरूनच आलं. त्यांनी आपल्या वाटणीचं गोड जावयाच्या ताटात सरकवलं. (या यंत्रात कोट्यापुढे शून्य लिहिलं की मर्यादाच राहत नाही, हवं तेवढं वापरा. पण इतकं तांत्रिक जेवताना कशाला सांगायचं? त्याने गोड खाल्लं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वापराचा रिपोर्ट काढला. एकेका ओळीत एकेकाचं नाव आणि पुढे व्यापलेली जागा. बायको, मुलगी, सासूबाई, तो स्वतः. आणि सगळ्यांच्या खाली आणखी एक ओळ. तिथे नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

आता, अशा नंबराचं त्याला ऑफिसात कधी काही वाटलं नव्हतं. माणूस नोकरी सोडून जातो, त्याचं नाव यंत्रातून काढलं जातं, फायली मात्र मागे राहतात आणि त्यांच्यावर नंबर उरतो. पण त्या फायली जागच्या जागी पडून असतात. हा नंबर वाढत होता. सोमवारी वाढला, मंगळवारी आणखी वाढला. सोडून गेलेली माणसं परत येऊन काम करत नाहीत. (असलेलीही फारशी करत नाहीत.)

त्याने घरात कोणाला सांगितलं नाही. गुपचूप तारखा पाहिल्या. नंबर वाढायचा तो फक्त रात्री, घर झोपल्यावर. मागच्या महिन्यात तो ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेला होता, त्या रात्री मात्र काहीच वाढ नव्हती. बायको घरात होती, मुलगी होती, सासूबाई होत्या, तरी काही नाही. तो परतला त्या रात्रीपासून पुन्हा सुरू. म्हणजे जे काही होतं, ते त्यांच्या वाटेला जात नव्हतं. ते त्याची वाट पाहत होतं.

त्यानंतर मापारी जिन्याखालच्या कपाटासमोरून जाताना खाकरून जाऊ लागला. एकदा झोपताना सहज वर नजर गेली, तर बेडरूममधल्या कपाटाच्या माथ्यावरून हिरवट डोळ्यासारखं काहीतरी त्याच्याकडे रोखून पाहत होतं. त्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि मनातल्या मनात पाढे म्हटले. एकोणतीसचा विसरला.

अशात रविवार आला. बायकोच्या पुस्तकाचं शेवटचं चित्र त्या दुपारी पुरं झालं. सोमवारी सकाळी ते प्रकाशकाकडे पोचलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराला जाणार होतं. आजवर तिचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत यायचं. या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा येणार होतं. तिने सेव्ह दाबलं. होईना.

मापारी शर्टाची बाही सरकवत आला. कोटा संपला असेल, वाढवून देतो, असं त्याने अगदी मोठ्या मनाने सांगितलं. कोटा वाढवला. तरी होईना. मग कळलं की डिस्कच काठोकाठ भरली आहे. चित्र नुसतं पडद्यावर होतं, प्रोग्राम अडखळत होता; तो बंद पडला की चित्र गेलं. पेनड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता, कारण पेनड्राइव्ह घरी न्यायला बंदी होती आणि ती बंदी मापारीनेच घातली होती.

त्याला एकदम जोर आला. त्या बिननावाच्याचा आज निकाल लावायचा. त्या नंबराचं जे जे असेल ते मुळापासून पुसायची ओळ त्याने टाइप केली. एंटरवर बोट ठेवणार, तोच बायकोने विचारलं, काय पुसताय? मग त्याला सगळं सांगावं लागलं. तिने पडद्यावर वाकून पाहिलं. सगळ्या फायली आवाजाच्या होत्या.

"एखादी ऐका तरी," ती म्हणाली. "कोणाचं आहे ते न बघता पुसायचं?"

त्याने सगळ्यात ताजी फाइल लावली. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खूप खोलवरून कोणीतरी श्वास आत ओढला, ओढतच राहिलं, आणि थांबलं. मापारीने स्वतःचाही श्वास धरला. मग गुरगुर उठली, जड लाकडी पेटी फरशीवरून ओढावी तशी. मुलगी आईला बिलगली. आणि त्या गुरगुरीतून एक घोगरा आवाज म्हणाला, "कोणी हलायचं नाही. ही जागा माझी आहे."

मापारीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत आल्या. "जावईबापू आज दुपारचेच झोपले का?" त्यांनी विचारलं.

"आजी, बाबा इथे उभा आहे," मुलगी म्हणाली.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं.

"मी घोरत नाही," मापारी म्हणाला. कोणी वादही घातला नाही.

हळूहळू उलगडा झाला. मुलगी तान्ही असताना त्याने कपाटाच्या माथ्यावर हिरव्या दिव्याचं एक यंत्र बसवलं होतं. रात्री खोलीत आवाज झाला की ते जागं व्हायचं, रेकॉर्ड करायचं आणि फाइल खाली पाठवायचं. मुलगी मोठी झाली, पाळणा गेला, त्या जागी पलंगाची त्याची बाजू आली. मध्यंतरी साफसफाई म्हणून त्याने यंत्राचं नाव यादीतून काढलं. पण यंत्राला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. ते आपल्या नंबरावर इमानाने लिहीत राहिलं.

बायको अजून त्या टाइप केलेल्या ओळीकडे पाहत होती. "हे दाबलं असतं तर सगळंच गेलं असतं? पहिल्यापासूनचं?"

"सगळंच."

तिने पहिली फाइल लावली. तान्ह्या बाळाचं गुरगुरणं, मग एक खुदकन हसू, आणि बायकोचाच आवाज, तरुण, जागरणाने थकलेला, बेसूर गात असलेला. मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मापारीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला स्वतःची मनापासून भीती वाटली. त्याने ती ओळ एकेक अक्षर करून खोडली.

पण चित्र अजून अडकलेलंच होतं, आणि पडदा पांढुरका पडायला लागला होता. बायकोने रिपोर्टवरून बोट फिरवलं आणि मापारीच्या नावापाशी थांबवलं. "तुमच्यापुढे कोटा शून्य आहे. मग जागा सगळ्यांत जास्त तुमची कशी?"

मापारीने शून्याचा अर्थ सांगितला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि माझं गोड?"

त्याच्या जागेत होते साठवून ठेवलेले व्हिडिओ, कधीतरी बघू म्हणून उतरवलेले. त्यातले बहुतेक वेळेच्या नियोजनावर, आणि एकही न पाहिलेला. ते सगळे पुसले. बायकोने सेव्ह दाबलं. चित्र सेव्ह झालं. ती खुर्चीत मागे टेकली.

पुस्तक आलं, मुखपृष्ठावर तिच्या नावासकट. नवी डिस्कही आली. कारभाराचा पासवर्ड आता बायकोकडे असतो. कपाटावरचं यंत्र तिने काढू दिलं नाही. चित्र सेव्ह झालं त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांना जेवायला बसवून नियम जाहीर केले. घोरण्याची पहिली मर्यादा मऊ, ती ओलांडली तर कोपराने ताकीद. दुसरी कडक, ती ओलांडली तर उशी घेऊन हॉलमध्ये.

मापारीने भीत भीत विचारलं, "मला कोटा किती?"

"शून्य," ती म्हणाली. त्याचा चेहरा उजळलेला पाहून तिने जोडलं, "हॉलमध्ये अंथरूण घातलंय. आता शून्य म्हणजे शून्यच."