पिसा शुक्रवारी बंद असतं

शुक्रवारी रेल्वेचा संप होता. इटलीतल्या लिव्होर्नोच्या बंदरात सकाळी जहाज लागलं आणि आपले आपण आगगाडीने पिसा बघून यायचं ठरवलेले प्रवासी स्टेशनावरून हात हलवत परत आले. त्यांतलं नॉर्वेचं एक म्हातारं जोडपं फोस्काने बरोबर हेरलं आणि आपल्या बापाच्या गाडीत आणून बसवलं. बापाला तिने सांगितलं, "बाबा, लुक्का." जोडप्याला सांगितलं, पिसा वाटेतच लागतं. मग तिने फोन बंद करून टाकला, कारण आता काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फोस्काचा बाप आदेमारो वीस वर्षं बोटीवरच्या लोकांना फिरवत होता. फ्लॉरेन्स, सिएना, लुक्का, म्हणाल तिथे; फक्त पिसा सोडून. पिसा तासाभराच्या अंतरावरही नाही. पण सहासष्ट वर्षांत त्याने त्या गावात पाय ठेवला नव्हता. त्याच्या बापानेही नव्हता, आणि आजोबाने तर लग्नासाठी आलेलं चांगलं स्थळ केवळ गावाचं नाव ऐकून परत पाठवलं होतं. दोन गावांमधल्या या वैराचं कारण काय, ते कोणालाच धड सांगता येत नाही. लिव्होर्नोच्या भिंतींवर पिसाविषयी जे लिहिलेलं असतं ते इथे छापण्यासारखं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्याला आणखी एक अभिमान होता. वीस वर्षांत त्याचा एकही प्रवासी बोट चुकून धक्क्यावर राहिला नव्हता. आजच्या जहाजाचा जिना पाचच्या ठोक्याला उचलणार होते, आणि म्हातारा-म्हातारीचे पासपोर्ट, औषधं, कपडे, सगळं जहाजावरच होतं.

जोडप्यातल्या टूरिलबाई पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या आणि चार हिवाळे शिकवणीला जाऊन इटालियन शिकल्या होत्या. त्यांचे यजमान स्वेरे यांना इटालियन येत नव्हतं, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे नॉर्वेजियनही जेमतेमच येत होतं.

"पिसा किती वेळात येईल?" बाईंनी गाडी सुटल्यासुटल्या विचारलं.

"पिसा आज बंद आहे."

"अख्खं गाव?"

"शुक्रवारी असतं."

बाई यावर बराच वेळ विचार करत बसल्या. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि शेतांच्या पलीकडे, झाडांच्या वर, पांढरं काहीतरी उन्हात चमकलं.

"ते काय आहे?"

"पाण्याची टाकी."

"वाकडी आहे."

"पिसाच्या लोकांनी बांधलीय बाई. आणखी काय होणार?"

मागून स्वेरे यांचा हात पुढे आला. हातात माहितीपत्रक होतं आणि त्यावर त्या टाकीचं मोठं रंगीत चित्र होतं. आदेमारोने ते न बघितल्यासारखं केलं. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "आदेमारो, मी सात वर्षांची असल्यापासून या टाकीची वाट बघतेय." आता आदेमारो कितीही हट्टी असला तरी दगड नव्हता. त्याने मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली आणि गाडी वळवली.

मोठ्या रस्त्यावरून दिसणारा तो वाकडा मनोरा गावात शिरल्यावर मात्र दिसेना. फोनमधल्या बाईने रस्ता सांगितला असता, पण त्यासाठी आधी फोनमध्ये पिसा असं लिहायला लागलं असतं. आणि पिसाच्या माणसाला रस्ता विचारायचा म्हणजे तर मरणच. त्यामुळे आदेमारो अंदाजाने वळत राहिला. नदी चार वेळा ओलांडून झाली. बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या कमानीखालून, कॅमेऱ्याकडे बघत, तो तीनदा गेला. आता दंडाच्या तीन नोटिसा पिसाच्या शिक्क्यानिशी घरी येणार होत्या आणि पोस्टमन त्या आधी सगळ्या गल्लीला दाखवणार होता. शेवटी एका पिवळ्या भिंतीशी त्याने गाडी लावली. बाई म्हणाल्या, गल्लीचं नाव लिहून घेऊ या. आदेमारो म्हणाला, यांच्या गल्ल्यांची नावं पाठ करायला मी आलेलो नाही.

तो गाडीतच बसणार होता. पण दोघांचा एकत्र फोटो काढायला कोणीतरी हवं होतं. म्हणून तो निघाला, तोही मान खाली घालून, फरसबंदी बघत. कमानीतून आत गेला, पायाखाली हिरवळ आली तरी त्याने डोळे वर केले नाहीत. स्वेरे यांनी सगळे प्रवासी देतात तशी मनोऱ्याला टेकू दिल्याची पोज दिली. बाईंनी कॅमेरा हातात दिला. आता मात्र वर बघणं भागच होतं.

आदेमारोने बघितलं आणि कॅमेरा खाली आला.

एवढं पांढरं त्याने आयुष्यात काही बघितलं नव्हतं. हिरव्यागार गवतावर संगमरवराचं अख्खं चर्च, त्याच्यापुढे एक गोल घुमट, आणि मागे तो मनोरा. खांबांवर खांब, मजल्यावर मजले, सगळं लेसच्या विणकामासारखं नाजूक, आणि एवढं सगळं वजन घेऊन एका बाजूला कललेलं. पडत मात्र नव्हतं. शेकडो वर्षं ते असं उभं होतं, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याने त्याला शिव्या घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्याने बाहीने डोळे पुसले. तो गवतावर बसला. तिथे बसायला मनाई आहे असं पहारेकऱ्याने सांगितलं, तेव्हा उठला आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बसला.

तासाभराने बाई म्हणाल्या, आमचं बघून झालं, आता लुक्का. "लुक्कात काय आहे?" आदेमारो म्हणाला आणि मनोऱ्यावर चढायची तीन तिकिटं घेऊन आला. चढायची पाळी आली तेव्हा तीन वाजत आले होते. झिजलेल्या पायऱ्यांवर शरीर एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे जात होतं, आणि प्रत्येक मजल्यावर तो बाहेर डोकावून "बघा, बघा" म्हणत होता, जणू त्यानेच बांधलंय. वर पोचल्यावर दूर समुद्राची रेघ दिसली. तो कठड्याला धरून इतका वेळ बघत राहिला की शेवटी स्वेरे यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. पावणेचार वाजले होते.

मग ते गाडीकडे निघाले आणि तेव्हा कळलं की पिसातली दर तिसरी भिंत पिवळी आहे. एक गल्ली झाली, दुसरी झाली, सातवी झाली. आगगाड्या बंद असल्यामुळे टॅक्सीसाठी दीडदोनशे माणसांची रांग होती. टूरिलबाईंनी बूट काढून हातात घेतले. सव्वाचार वाजले तेव्हा आदेमारोच्या कपाळावर घाम होता, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा पिसाच्या माणसासमोर जाऊन उभा राहिला.

माणूस त्याच्याच वयाचा होता. दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होता. नाव रानिएरी, फरशी बसवण्याचं काम करून आता घरी बसलेला. आदेमारोने रेडिओवर बातम्या देतात तशा भाषेत सुरुवात केली, पण दुसऱ्या शब्दालाच रानिएरीने शेंग खाली ठेवली.

"लिव्होर्नोचा ना तू?"

"हो."

"मग हरवलास यात नवल काय."

"माझं सोड रे. या दोघांची बोट पाचला सुटते. गाडी कुठे लावली ते सापडत नाही."

रानिएरीने बाईंच्या हातातल्या बुटांकडे बघितलं. म्हणाला, माझी गाडी आहे, पण फ्लॉरेन्सच्या खालोखाल वाईट गाव म्हणजे लिव्होर्नो, तिथे मी कधी पाय ठेवलेला नाही, आमच्या घरात कोणीच नाही. आदेमारो म्हणाला, मीही आजपर्यंत इथे आलो नव्हतो.

"मनोरा बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"बरा आहे."

रानिएरीने शांतपणे पुढची शेंग उचलली. दोन शेंगा झाल्या. तिसरी झाली. घड्याळात चार वीस झाले होते आणि नॉर्वेचे ते दोघे आळीपाळीने एकाच्या आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

"सुंदर आहे," आदेमारो म्हणाला. मग त्याला थांबवेना. "इतकं सुंदर आहे की मला रडू आलं. सहासष्ट वर्षं मी फुकट घालवली. झालं समाधान?"

रानिएरीने कंबरेचं फडकं सोडलं आणि किल्ली काढली.

पाचला सहा मिनिटं कमी असताना ती जुनी गाडी बंदरात शिरली. टूरिलबाईंनी दोघांनाही कवटाळलं, स्वेरे यांनी दोघांशी हात मिळवले, आणि ती दोघं धापा टाकत, बाई तर अनवाणीच, जिना चढून गेली. पाठोपाठ जिना उचलला. आदेमारोने वळून बघितलं, तर रानिएरी टोपी हातात धरून, मान मागे टाकून उभा होता. समोर जहाज होतं. पांढरंशुभ्र, तेरा मजल्यांचं.

"आमच्याकडे सरळ उभं करतात," आदेमारो म्हणाला.

रानिएरीने ऐकलंच नाही. भोंगा वाजला तसा त्याच्या छातीत धक्का बसला. आणि मग ते तेरा मजले, खिडक्या, दिवे, माणसं, सगळंच्या सगळं आवाज न करता जागचं हललं. "हे सगळं जातं?" तो पुटपुटला. त्याने छातीवर क्रूस काढला. आदेमारो वीस वर्षं या धक्क्यावर येत होता, पण जिना उचलला की पाठ फिरवून घरी जायचा. आज तोही थांबला. जहाज वळलं, सगळ्या खिडक्यांवर ऊन एकदम आलं, आणि दोघे म्हातारे तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

"दुसरं कधी आहे?" रानिएरीने विचारलं.

"सातला."

मग दोघे दगडी कठड्यावर बसले. सहाच्या सुमारास फोस्काचा फोन आला. गाडी कुठे आहे, तुम्ही कुठे आहात, तुमच्या शेजारी धक्क्यावर कोण बसलंय, गल्लीतल्या तिघांनी मला येऊन सांगितलं. आदेमारोने इकडेतिकडे बघितलं.

"पाहुणे आहेत," तो म्हणाला. "फ्लॉरेन्सचे."

रानिएरीने इतक्या वेळात पहिल्यांदाच पाण्यावरची नजर काढली. चेहरा लालबुंद झाला होता.

"फ्लॉरेन्सचा? मी?" तो म्हणाला. "त्यापेक्षा लिव्होर्नोचा आहे म्हणून सांग."