दिगंबरपंतांचा घरगुती ओढा

एका जंगलात, बाळांनो, ओढ्याला लागून दिगंबरपंत नावाच्या साळिंदराचं बीळ होतं. दारातून चार पावलं टाकली की ओढा. पंत रोज सकाळी तिथं तोंड धूत, चूळ भरत आणि ओढ्याकडे न बघता परत येत.

हसू नका. तुमच्याही घराला खिडकी आहे.

पंत जंगलाच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. अंगावर काटे तसेच होते, पण आता ते कुणाला टोचावेत हे कळत नव्हतं. अशातच एका बंद पडलेल्या विश्रामगृहात त्यांना काचेची मोठी टाकी सापडली. ती ओढत ओढत त्यांनी घरी आणली.

"अगं, आपण घरात ओढा करायचा," ते बायकोला म्हणाले. "अगदी अस्सल. रंगीत खडे नाहीत, खोटी झाडं नाहीत. निसर्गात असतो तसाच."

"बाहेर आहे की एक," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तो बाहेर आहे."

अनसूयाबाई टाकीसाठी कोपरा झाडायला लागल्या.

सल्ल्यासाठी पंतांनी धवलगुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणजे बगळा. मासे या विषयात त्यांच्याइतका अनुभव जंगलात कुणालाच नव्हता.

"तळाला ओढ्याचीच वाळू घाला," गुरुजी एका पायावर उभे राहून म्हणाले. "वर गोटे. एक बुडीत लाकूड. जांभळीची वाळलेली पानं. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं पाहिजे." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि महिनाभर नुसतं मुरू द्या. मासे त्यानंतर."

शेवटचं वाक्य पंतांना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल. तिसऱ्याच दिवशी त्यांनी सात मासे सोडले. पाचव्या दिवशी सातही पोट वर करून तरंगत होते.

"होतं असं," गुरुजी म्हणाले. "हे मी अभ्यासासाठी नेतो."

अभ्यास तिथंच, उभ्या उभ्या उरकला.

दुसऱ्या खेपेला मात्र पंतांनी महिना काढला. लाकडावर शेवाळ चढलं. पानं काळी पडून तळाशी बसली. पाण्यात बुडबुडे हवेत म्हणून दोन निवृत्त बेडूक पपईच्या देठातून आळीपाळीने फुंकायला ठेवले. मग लहान मासे आले, झिंगे आले आणि सर्वांत शेवटी एक म्हातारा वांब आला. वांब म्हणजे सापासारखा लांबुडका मासा. तो पानांखालून फक्त नाक बाहेर काढून बसे.

आणि खरं सांगायचं तर ती टाकी फार सुंदर झाली होती. दारातून ऊन आलं की पाणी मधासारखं दिसे. पंत दिवसभर तिच्यासमोर बसून राहत. "बघ, कसा श्वास घेतोय," ते कुजबुजत. आयुष्यभर ज्या ओढ्यात चूळ भरली, त्यात मासे श्वास घेतात हे त्यांना आत्ता कळत होतं.

बातमी पसरली. जंगल लोटलं. मग काय, प्रत्येकाला घरी ओढा हवा झाला. काच मिळाली नाही त्यानं लाकडाचं कुंड कोरलं. अस्वलानं दोन ओढे केले, एक घरासाठी आणि एक पाहुण्यांसाठी. वाळू गेली, गोटे गेले, बुडीत ओंडके गेले, मासे गेले. अडवायला काही उरलं नाही म्हणून ओढ्याचं पाणीही न थांबता निघून गेलं. चैत्रात तिथं नुसता कोरडा खळगा राहिला.

कचेरीनं लगेच दखल घेतली आणि स्पर्धा जाहीर केली. 'निसर्गाशी सर्वांत मिळतीजुळती टाकी.' परीक्षक म्हणून शेजारच्या जंगलातून एक वयस्कर गवा येणार होता.

स्पर्धेच्या सकाळी पंत पाहुण्यांना आणायला वेशीवर गेले. बेडकांचे घसे सुकले होते, ते काम सोडून गेले होते. टाकीतलं पाणी चार बोटं खाली उतरलं होतं आणि भरायला जवळपास पाणीच नव्हतं. अनसूयाबाई काचेजवळ आल्या तेव्हा वांबानं नाक वर काढलं.

"बाई, एक विचारू? या ओढ्याचं पुढचं वळण कुठंय? चार महिने शोधतोय."

 अनसूयाबाईंनी वाळका भोपळा घेतला, त्यात पाणी घेतलं आणि वांबाला अलगद उचललं. टेकडीपलीकडे एक खोल डोह होता. तिथं त्यांनी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला वांब, दुसऱ्या खेपेला मासे आणि झिंगे, तिसऱ्या खेपेला उरलंसुरलं पाणी, पानं, वाळू, गोटे आणि लाकूडसुद्धा. वांब डोहात शिरला आणि मागं न बघता वळणाआड गेला.

इकडे गवा घरोघर फिरला. प्रत्येक टाकी पाहण्याआधी तो खळग्यापाशी जाऊन मूळ ओढा नीट बघून येई. नियमच तसा होता.

"यात पाणी आहे," तो अस्वलाला म्हणाला. "ओढ्यात नाही. गुण वजा."

"यात मासे आहेत. कल्पनाशक्ती फार वापरलीत," तो पुढच्या घरी म्हणाला.

शेवटी तो पंतांच्या बिळात आला. पंतांनी टाकी पाहिली आणि त्यांचे सगळे काटे एकदम उभे राहिले. आत काही नव्हतं. कोपऱ्यात एक ओलसर डाग तेवढा होता, तोही त्यांच्यादेखत वाळला.

गवा बराच वेळ बघत राहिला. बाहेर जाऊन ओढा बघून आला. पुन्हा बघत राहिला.

"हुबेहूब," तो म्हणाला. "पहिला नंबर."

बक्षीस पंतांच्या दारात आणून ठेवलं गेलं. आधीच्या टाकीच्या तिप्पट मोठी, नवीकोरी काचेची टाकी होती.

तेवढ्यात अनसूयाबाई भिजल्या पायांनी परत आल्या. "अहो, डोहावर राहायला जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथं पाणी आहे. मासेही तिथंच आहेत, बरे आहेत."

पंतांचे काटे हळूहळू खाली बसले. त्यांनी नव्या टाकीला एक प्रदक्षिणा घातली. पंजानं तिची लांबी मोजली, मग खोली मोजली.

"जाऊ," ते म्हणाले. "यात डोह मावेल."

तात्पर्य : निसर्गाची हुबेहूब नक्कल साधायची असेल, तर नकलेवर फार कष्ट घेऊ नयेत. निसर्ग रिकामा होईपर्यंत धीर धरावा.