जयप्रकाशांचा ग्रीक पवित्रा

ग्रीकांनी बाहेरून काहीही घेतलं नाही, हे आज सिद्ध करायचंच, असा पण करून जयप्रकाश कर्णिक नेरूळमधल्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये उभे राहिले. समोर ज्येष्ठ नागरिक मंडळ. पहिल्याच रांगेत पत्नी अरुणाताई आणि शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे अभिराम ठोसर. ग्रीकांची लिपी फिनिशियन व्यापाऱ्यांची आणि मूर्तिकला इजिप्तची, असं ठोसरांनी मागच्या रविवारी इथेच ठासून सांगितलं होतं. तेव्हापासून जयप्रकाशांना अन्न गोड लागत नव्हतं.

"मूर्तिकला म्हणे उसनी!" ते गरजले. "जुने ग्रीक पुतळे बघा. डावा पाय पुढे, हात ताठ, मुठी आवळलेल्या..."

"सेम इजिप्त!" ठोसर बसल्या जागेवरून म्हणाले.

"सेम कसं? इजिप्तचा पुतळा मागच्या दगडाला टेकलेला. ग्रीक पुतळा स्वतःच्या पायांवर उभा!"

"दाखवा की मग!"

जयप्रकाशांनी चपला काढल्या, डावा पाय पुढे टाकला, मुठी आवळल्या, छाती काढली. कट्ट असा आवाज झाला आणि कमरेत उसण भरली. पाय मागे येईना, मान वळेना.

"ही उसण तरी तुमची स्वतःची ना?" ठोसरांनी विचारलं.

"अहो, बसा आता," अरुणाताई कळवळल्या.

"बसता आलं असतं तर!"

कुणीतरी मागे खुर्ची सरकवली.

"टेकू नका देऊ! टेकलो की मी इजिप्तचा झालो!" जयप्रकाश ओरडले आणि त्याच अवस्थेत त्यांनी व्याख्यान शेवटपर्यंत रेटलं.

मग चौघांनी त्यांना उभंच उचलून लिफ्टपाशी नेलं. तिथल्या डिलिव्हरीवाल्याने अदबीने वाट दिली.

"मूर्ती भारी हाय! कोनत्या मजल्यावर?"

"चौथ्या," मूर्ती म्हणाली. डिलिव्हरीवाल्याच्या हातातलं पार्सल खाली पडलं.

घरी त्यांना पलंगावर पालथं घातलं. ठोसर धावत जाऊन घरून तेलाची बाटली घेऊन आले. अरुणाताई चोळत गेल्या तशा मुठी सुटल्या, पाय जागेवर आला.

"कसलं हो तेल?" जयप्रकाशांनी विचारलं.

"युनानी. हकिमांकडचं."

जयप्रकाशांनी मान उचलली. "युनानी म्हणजे ग्रीक! बघितलंत? शेवटी ग्रीकच कामाला आले!"

अरुणाताईंनी हाताचा वास घेतला. "तिळाचं तेल, सुंठ, मिरी. हा तर आपल्याच स्वयंपाकघरातला माल!"

जयप्रकाशांची मान पुन्हा उशीवर टेकली.

"असेल. पण चोळायची पद्धत ग्रीकांची. चोळ तू."

"माझे हात दुखले. आता इजिप्तला चोळू दे," म्हणत अरुणाताईंनी बाटली ठोसरांच्या हातात दिली आणि त्या चहा टाकायला गेल्या.

ठोसरांनी बाह्या सरसावल्या.

"जरा खाली," जयप्रकाश उशीत तोंड खुपसून म्हणाले. "हां... तिथेच."