नाकारलेल्यांची यादी

वाचनालयाची वाचनखोली शुक्रवारी जाणार होती. तिथे चिटपाखरूही फिरकत नाही, तेव्हा ती गोदामाला देऊन टाकू, असं अध्यक्षांनी ठरवत आणलं होतं. ग्रंथपालबाईंनी त्या खोलीत बावीस वर्षं काढली होती. ती हातची जाऊ नये म्हणून त्यांनी शेवटी भाचीला गाठलं.

भाचीने त्यांच्या संगणकावर एक नवं साधन सुरू करून दिलं. इंटरनेटवरचे लेख निवडायचे, फळीवर पुस्तकं लावावीत तसे एका पानावर लावायचे, आणि बटण दाबलं की यादी सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर. लेख वाचून लोक त्या विषयाची पुस्तकं मागायला येतील, असा हिशेब होता.

"मावशी, फार डोकं लावू नकोस," भाची म्हणाली. "आवडलं तर घे, नाहीतर सोड."

नुसतं सोडणं बाईंच्या रक्तात नव्हतं. न वाचता काही बाद करायचं नाही, आणि बाद केलं तर कारण लिहायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी दोन कप्पे केले, 'निवडलेले' आणि 'नाकारलेले'. मधाच्या दुष्परिणामांवरच्या एका लेखापुढे त्यांनी लिहिलं, 'लेखकाला मधमाशी चावली असावी, राग मधावर काढलाय.' अध्यक्षांनी स्वतः लिहून इंटरनेटवर टाकलेलं 'सकाळचे चिंतन'ही त्यांच्या तावडीत सापडलं. त्यापुढे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं, 'चौथ्या परिच्छेदात डोळा लागला. जाग आली तेव्हाही चिंतन चालूच होतं.'

गुरुवारी संध्याकाळी बटण दाबून त्या निश्चिंत मनाने घरी गेल्या. समोर कोणता कप्पा उघडा आहे हे काही त्यांनी पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी दाराशी वीसेक माणसं उभी होती. बाईंना वाटलं, गोदामाचं सामान आलं. पण मधाच्या लेखात तथ्य आहे असं एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं होतं, आणि ते सिद्ध करायला त्यांना मधमाश्यांवरची असतील नसतील ती पुस्तकं हवी होती. कोपऱ्यात दोघीजणी चिंतन मोठ्याने वाचून आधी कोणाला जांभई येते ते पाहत होत्या. बाईंनी मोबाइल उघडला, तर सभासदांना गेली होती ती 'नाकारलेले'ची यादी, शेऱ्यांसकट. भाचीला फोन केला, तर ती म्हणाली, गेलेली यादी परत घेता येत नाही.

अकराला अध्यक्ष आले. बसायला खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून ते बाईंच्या टेबलापाशी उभेच राहिले. बाईंनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"माझा लेख तुम्ही नाकारलात," अध्यक्ष म्हणाले.

"हो. पण वाचून नाकारला, साहेब."

"शेवटपर्यंत?"

"दोन बैठका लागल्या."

अध्यक्ष टेबलावर वाकले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की दोन वर्षांत तो लेख चार वेळा उघडला गेला होता, त्यातल्या तीन वेळा त्यांनी स्वतःच. कालपासून मात्र दोनशे सात जणांनी उघडलाय, घरच्यांनीसुद्धा.

"खोली राहू द्या," ते म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात अध्यक्षांनी पिशवीतून कागदांचं एक जाडजूड बाड काढून टेबलावर ठेवलं. आत एकेचाळीस चिंतनं होती.

"एवढीही नाकारून टाका. दर आठवड्याला एक. फक्त तुमच्या नेमाप्रमाणे."

नेमाप्रमाणे म्हणजे काय, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं चिंतन वाचायला घेतलं.