जात्यावरची एस्प्रेसो

“कॉफी दळाले येगळी मशीन? अन् थे बी इकत आनू? हट्! या गोवर्धनच्या घरात दळाच्या वस्तूची कमी नाई!”

परतवाड्याच्या गोवर्धनरावांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या मुलाचं, योगेशचं, लग्न आठवड्यावर आलं होतं. इतरांच्या घरी अशा वेळी आचारी, कपडे, मानपान यांवरून भांडणं होतात. यांच्या घरी कॉफीच्या ग्राइंडरवरून चालली होती!

याला कारण व्याही. अकोल्याचे खुशालराव. साखरपुड्याला त्यांनी गोवर्धनरावांपुढे अंगठ्याएवढा कप ठेवला. तळाशी काळंकुट्ट काहीतरी.

“हा कायचा काढा हाय?” गोवर्धनरावांनी सरळ मनाने विचारलं.

“एस्प्रेसो म्हंतेत याले!” खुशालराव अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं हसले. “तुमच्या परतवाड्याले कॉफी म्हंजे दुधात कालवलेली पावडर. तुमाले काय समजन बावा!”

मंडप हसला. गोवर्धनरावांच्या नर्सरीतली मिरची-वांग्याची रोपं धारणीपासून अंजनगावपर्यंत जातात. त्यांना आजवर ‘तुम्हाला काय समजतं’ असं बायकोखेरीज कोणी म्हटलं नव्हतं. आणि कॉफीच्या बाबतीत? अहो, कॉफी पिकते ती त्यांच्या डोक्यावरच्या डोंगरात, चिखलदऱ्याला! अकोल्याला कुठे पिकते? ते तिथेच उठून उभे राहिले.

“लग्न झालं का या माह्या घरी. कॉफी कशी अस्ते थे दाखवतो!”

आता माघार नव्हती. घरी येताच त्यांनी एस्प्रेसोचं मशीन मागवलं, चिखलदऱ्याहून भाजलेल्या बिया आणल्या. आणि मग योगेशने मिठाचा खडा टाकला.

“बाबा, मशीनचं काही नाई. सारा खेळ ग्राइंडरचा हाय. दळन बारीक अन् एकसारखं नसलं, तं पानी भसकन निघून जाते.”

गोवर्धनरावांनी आधी मिक्सर लावला. निम्मं पीठ झालं, निम्मी रेती, आणि मशीनमधून पिवळं पाणी आलं. मग ते बिया घेऊन मिरची दळायच्या गिरणीत गेले. तिथलं दळण अगदी एकसारखं निघालं, त्यात वाद नाही. पण पहिल्या घोटानंतर गोवर्धनराव बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभे होते. तशाही अवस्थेत ते बोटाने खुणावत होते, की चव दमदार आहे!

या खटाटोपात आठवडा सरत आला. शेवटी योगेशने मोबाइल पुढे केला. “पात्यावाला नको, बाबा. हा दोन चकत्यांचा पाहा.”

चित्रात ग्राइंडर उघडून दाखवला होता. खाली एक गोल दातेरी चकती, वर दुसरी. मधल्या भोकातून बिया आत, कडेने पीठ बाहेर. गोवर्धनरावांनी चष्मा वर केला, खाली केला आणि खुर्चीतून ताडकन उठले.

“अरे, हे तं जातं हाय!”

“नाई बाबा, हे...”

“नाई काय? खाली गोटा, वर गोटा, मंधात भोक! आपलंच जातं आपल्यालेच इकून राहिले का हे लोक? नाई आनत, जा!”

जातं घरातच होतं. मागच्या पडवीत, स्वच्छ धुतलेलं, टाकी लावून खरबरीत करून घेतलेलं, वर नवं फडकं. एवढी निगा कशासाठी राखली आहे, हा प्रश्न गोवर्धनरावांना पडला नाही. त्यांची बायको, जमुनाबाई, शेजारी बोलावणं करायला गेल्या होत्या. गोवर्धनरावांनी फडकं काढलं, बिया ओतल्या आणि खुंटा धरला. घाम निघाला, पण काय पीठ पडलं म्हणता! मशीनमधून दाट धार आली, वर सोनेरी फेस. योगेशने चाखून “बरी हाय” म्हटलं. गोवर्धनरावांनी तेवढ्यावर मनातल्या मनात खुशालरावांना तीनदा लोळवलं.

इतक्यात फाटक वाजलं. “अवो, आयकलं का?” जमुनाबाई! गोवर्धनरावांनी जात्यावर फडका फिरवला, त्याच्या तोंडात उरलेल्या मूठभर बिया तशाच राहू दिल्या, वर कापड टाकलं आणि टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद! दारात सवाष्णी जमल्या. जात्याला कुंकू लागलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली गेली. शेजारच्या गोदाबाईंनी ओवी धरली आणि हळकुंडं जात्यात पडली. तेव्हा कुठे गोवर्धनरावांच्या डोक्यात उजेड पडला! त्यांनी तोंड उघडलं. समोर जमुनाबाई हात जोडून उभ्या होत्या. गोवर्धनरावांनी तोंड मिटलं.

हळद तपकिरी पडू लागली.

“अवो माय, हे कायची हळद?” एक सवाष्ण म्हणाली.

“जुनी असन.”

“भेसळ हाय. आजकाल काही खरं नाई!”

गोदाबाईंनी वास घेतला आणि निकाल दिला, “जंगलातली दिस्ते. लय गुनाची अस्ते. चाला, लावा पोराले!”

गोदाबाईंपुढे कोण बोलणार? योगेशला आपादमस्तक ती हळद लागली. त्याने हुंगलं आणि बापाकडे पाहिलं. बाप मंडपाच्या झालरी मोजत होता. कॉफी काय विटाळ आहे? झाडालाच लागते ना? असं गोवर्धनराव स्वतःला ठणकावून सांगत होते. फक्त आवाज बाहेर येत नव्हता.

नवरदेवाची उष्टी हळद रिवाजाप्रमाणे नवरीकडे जीपने रवाना झाली. जीप अकोल्याला पोचली असेल-नसेल, तोच फोन आला. नवरीची आत्या, गंगूबाई. जमुनाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

“काय धाडलं वो हे? काळी हळद? आमच्या दामिनीवर करनी करता का? उद्याचं लग्न काही होत नाई, सांगून ठेवते!”

“करनी? माह्या घरून?” जमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. योगेश जेवणाच्या ताटावरून उठला, तोंडाचा रंग अंगावरच्या हळदीपेक्षाही उतरलेला. सवाष्णी गोदाबाईंकडे बघू लागल्या आणि गोदाबाई म्हणाल्या, “मले तं आधीच शंका आलती!”

पोराचं लग्न मोडायची वेळ आली, तीही आपल्यापायी! गोवर्धनराव पुढे झाले आणि त्यांनी फोन हातात घेतला.

“करनी-फिरनी काही नाई! कॉफी हाय थे! मी दळली. जात्यावर दळली. माह्या घरचं जातं, माह्या हातानं! काय बोलाचं थे मले बोला, माह्या बायकोले कोनी काही म्हनाचं काम नाई. अन् लग्न उद्याच लागन!”

पलीकडे खुसफुस झाली आणि खुशालरावांचा जाड आवाज आला, “कॉफी? आना इकडे थे वाटी.”

फोनमधून हुंगल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा हुंगल्याचा.

“व्याहीबुवा, चिखलदऱ्याची हाय का?”

“हो!” गोवर्धनराव गुरगुरले.

“वास झकास हाय. गंगू, लाव पोरीले, काही होत नाई.” इकडे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण खुशालरावांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी बहुधा हळद चिमटीत चोळून पाहिली. “पन व्याहीबुवा, खरं सांगू? एस्प्रेसोच्या मानानं दळन जाडं हाय.”

झालं! लग्न वाचलं म्हणून जमुनाबाई देवापुढे साखर ठेवायला पळाल्या, आणि गोवर्धनराव मांडवात येरझाऱ्या घालू लागले. “जाडं? हळकुंडाचे तुकडे लागले असन त्याच्या बोटाले! माह्या कॉफीले जाडं म्हंते!”

लग्न अकोल्यात थाटात लागलं. रुखवताभोवती बायकांची ही गर्दी! लाडू, करंज्या, विणलेली तोरणं, आणि मधोमध, झेंडूच्या हारात, एक चकचकीत ग्राइंडर. दोन चकत्यांचा.

“तुमच्यासाठी आनला,” खुशालराव गोवर्धनरावांच्या कानाशी म्हणाले. “बारीक दळते.”

“कायले तरास घेतला?” गोवर्धनराव दात-ओठ खात म्हणाले. “आमच्या घरी जात्यावरच दळल्या जाते. याच्यात आमी धने दळू!”

पंधरा दिवसांनी खुशालराव ठरल्याप्रमाणे परतवाड्याला कॉफी प्यायला आले. गोवर्धनरावांनी कडक इस्त्रीचा सदरा घालून त्यांना बैठकीत बसवलं, जात्याचे गुण सांगितले आणि सुनेला हाक मारली, “दामिनी, बेटा, आन कॉफी! जात्यावरची!”

“हो बाबा!” आतून दामिनी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात बटण खटकून घर्रर्र झालं.

गोवर्धनरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती घरभर घुमू लागली. कप आला. खुशालरावांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

“वा! व्याहीबुवा, हरलो! अजून एक होऊन जाऊ द्या!”

“मंग? जातं हाय थे!” गोवर्धनराव गरजले. आतून पुन्हा घर्रर्र सुरू झालं, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.