बोटातून सुटलेली अंगठी

हिलरीच्या बोटातली लग्नाची अंगठी गेली बारा वर्षं जागची हललेली नव्हती. लग्नात ती सैल होती. मस्कतला आल्यावर ऑफिसची बैठी नोकरी आणि बायकोच्या, क्लोटिल्डाच्या हातचं जेवण यांनी मिळून तिला पक्कं करून टाकलं. आता लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला होता. हॉलमध्ये फादर दोन्ही अंगठ्यांना आशीर्वाद देणार, मग नवरा-बायको त्या पुन्हा एकमेकांना घालणार, आणि मस्कतमधली वसईची यच्चयावत मंडळी टाळ्या वाजवणार, असा बेत होता.

"हिलरी, ती काढ आणि वाढवून आण सोनाराकडून," क्लोटिल्डा रोज म्हणे.

"निघत नाही गं."

"साबण लाव."

साबण झाला, खोबरेल झालं, तूपही झालं. अंगठी ढिम्म. हिलरी मात्र मनातून खूश होता. इतकी घट्ट अंगठी म्हणजे नवरा किती पक्का, याचा आयता पुरावाच की!

आता या पक्क्या नवऱ्याची दुसरी बाजू सांगायला हवी. आखातात रविवार कामाचा, म्हणून चर्चची मोठी गर्दी शुक्रवारी. क्लोटिल्डा चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी. आधी सराव, मग मिस्सा म्हणजे मुख्य प्रार्थना, मग बायकांची मीटिंग. हिलरी तिला फाटकाशी सोडी, "पार्किंग बघून येतो" म्हणे, आणि थेट समुद्र गाठी. ऑफिसातल्या रमणने त्याला वर्षापूर्वी डायव्हिंगचा नाद लावला होता. मस्कतबाहेर डोंगराआड एका खाडीत एक जुनी मालवाहू बोट बुडालेली होती. फार खोल नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरावं, थोडं पोहावं, की खाली तिची गंजकी पाठ दिसे. ऑफिसात ज्याला कुणी विचारत नसे, तो हिलरी तिथे माशांमधून साहेबासारखा फिरे.

सिलिंडर आणि ओले कपडे घरच्या गाडीत ठेवणं शक्य नव्हतं. सीटवर वाळूचा एक कण सापडला असता तरी क्लोटिल्डाने त्याचा जाब मागितला असता. म्हणून सामान मस्कतच्या अझैबा भागातल्या किराणावाल्या बाबामियाँच्या पिकअपमधून जाई. बाबामियाँ रत्नागिरीचे, पोटातलं ओठावर न आणणारे. हिलरीने त्यांना शपथ घातली होती, "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"मी कोनाची गोष्ट कोनाला सांगत नाय, हिलरीभाय."

जुलै होता. वर अंगाची भट्टी, आणि समुद्राच्या तळातून मात्र त्या आठवड्यात बर्फासारखं पाणी वर आलेलं. उन्हाळ्यात तिकडे असं होतं. हिलरी उतरला तेव्हा दात वाजायला लागले. तोंडात नळी होती म्हणून आवाज आला नाही इतकंच. त्याने बोटीच्या कठड्याला हात घातला आणि साबण, खोबरेल, तूप या तिघांना जे जमलं नाही ते गार पाण्याने मिनिटात केलं. बोट आक्रसलं, अंगठी सुटली आणि चमकत चमकत गंजक्या फटीत गेली.

वर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून बाबामियाँ म्हणाले, "शार्क दिसला काय?"

"त्याहून वाईट. आता क्लोटिल्डा दिसणार."

आठवडाभर हिलरी डावा हात खिशात घालून वावरला. जेवतानाही. "खांदा धरलाय," म्हणाला. क्लोटिल्डाने खांद्याला रोज बाम चोळला. प्रत्येक चोळण्याबरोबर त्याचा अपराध वाढत गेला.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे समारंभाच्या आदल्याच दिवशी सकाळी, तो पुन्हा उतरला. फटीतली वाळू ओंजळ-ओंजळ उपसली. शेवटी बोटाच्या टोकाला काहीतरी गोल लागलं. सोनं! पुन्हा हरवायला नको म्हणून त्याने तिथल्या तिथे, गारठलेल्या बोटात ती सरकवली. पिकअपपर्यंत येईतो उन्हाने बोट फुगलं आणि अंगठी पूर्वीसारखीच रुतली.

"मिळाली!" हिलरी ओरडला.

"बेस झाला," बाबामियाँ म्हणाले. ते आणखी काही बोलणार होते, पण शपथ आठवून गप्प बसले.

शनिवारी संध्याकाळी मदिनत सुलतान काबूस भागातल्या हॉलवर झुंबड. कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवणारी जेनिफर चांदीची तबकडी धरून उभी. तिचा नवरा लेस्टर, गुरुवारच्या प्रार्थना-गटाचा आधारस्तंभ, व्हिडिओ काढत होता. क्लोटिल्डाने आपली अंगठी तबकडीत ठेवली. हिलरी ओढू लागला. निघेना. लोक हसले. फादर म्हणाले, "राहू दे, बोटासकट आशीर्वाद देतो."

यशाने माणूस बेसावध होतो. हिलरी रुबाबात म्हणाला, "छे, छे! गार पाण्यात बोट घाला, मिनिटात निघते!"

"हो, लगेच निघते," कॅमेऱ्यामागून लेस्टरही म्हणाला.

क्लोटिल्डाने हिलरीकडे पाहिलं. "तुला कसं ठाऊक?" जेनिफरने लेस्टरकडे पाहिलं. तेवढ्यात कोल्ड्रिंकची बर्फाची बादली आली आणि हिलरीचा हात मनगटापर्यंत तिच्यात गेला. अंगठी सुटली. क्लोटिल्डाने ती पुसली, चष्मा चढवला आणि ती आत कोरलेलं आपलं नाव वाचायला गेली.

"जेनिफर," ती म्हणाली.

तबकडी खणकन खाली पडली.

"ही समुद्रात सापडली!" हिलरी किंचाळला.

"कधी?"

"काल. मिस्साच्या वेळी."

"म्हणजे मी कॉयरमध्ये आणि तू समुद्रात?"

"तेच तर सांगतोय! मी मिस्सा चुकवतो! वर्षभर चुकवतोय! शप्पत!"

वर्षभर जे लपवलं, ते आता हात जोडून पटवून द्यायची पाळी आली होती, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. जेनिफर मात्र वेगळाच विचार करत होती. तिने लेस्टरचा हात धरला आणि तोही बादलीत खुपसला.

"जेनी, कॅमेरा चालूय..."

"चालू दे."

अंगठी निघाली. जेनिफरने वाचलं, "क्लोटिल्डा."

मागच्या रांगेत एक आजी दुसरीला म्हणाली, "बिर्याणी येणार ना गं आता?"

"बाबामियाँ!" हिलरी आणि लेस्टर एकदमच ओरडले. "सांगा यांना!"

पाहुण्यांतून बाबामियाँ शांतपणे उठले. "नक्की सांगू? दोघांनीपन कसम घातलीत. मागून बोल लावायचा नाय."

"सांगा!"

"लेस्टरभाय गुरुवारी त्याच बोटीवर उतरतात. यांची आंगठी इस्टरच्या टायमाला पडली. ती शोधायला परवा उतरले, तर एक गावली. काल हिलरीभायना एक गावली. दोघेपन बोलले, माझीच. मी काय बोलनार?"

"तुम्हाला माहीत होतं?" लेस्टर म्हणाला.

"तुमी बोललात, कोनाला सांगू नको. हिलरीभायना सांगितला असता, तर कसम तुटली असती ना!"

क्लोटिल्डाने जेनिफरकडे पाहिलं. आधी जेनिफरला हसू फुटलं, मग क्लोटिल्डाला, मग हॉलला. हसणं ओसरल्यावर क्लोटिल्डाने लेस्टरची अंगठी जेनिफरच्या हाती ठेवली, आपल्या नावाची घेतली, आणि हिलरीचा गार पडलेला हात पुढे ओढला.

"मिस्सा चुकवलीस ती चुकवलीस," ती हळूच म्हणाली, "पण सात दिवस माझ्याकडून तो धडधाकट खांदा चोळून घेतलास, त्याचं काय?"

"उद्यापासून तुझे पाय मी चेपतो."

"उद्यापासून कशाला? आजपासून." आणि तिने अंगठी बोटात ढकलली.

टाळ्या झाल्या. फादर खेदाने म्हणाले, "गुरुवारी प्रार्थना-गट रिकामा, शुक्रवारी मागची बाकं रिकामी. मला वाटायचं, माझं प्रवचनच लांबतं."

जेवणाच्या रांगेत मात्र फादरांनी बाबामियाँना खांबाआड गाठलं.

"बाबामियाँ, गुरुवार-शुक्रवार तुमची पिकअप भरलेली असते. बुधवारी सकाळी मोकळी असते का हो?"

बाबामियाँनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग फादरांच्या दोन्ही हातांकडे.

"आंगठी नाय ना?"

"नाही."

"मग या," बाबामियाँ म्हणाले. "मी कोनाला सांगत नाय."