न वाकणारे कावासान

आमचे शेजारी कावासान कधी वाकत नाहीत. जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, पायातून निसटली, तर ती तिथेच सोडून अनवाणी घरी जातात.

गर्व नाही हो. ते कप्पा आहेत. कप्पा म्हणजे जपानच्या नद्यांतलं भूत. पाठीवर कासवाचं कवच, टाळूवर बशीएवढा खळगा, खळग्यात पाणी. ते पाणी सांडलं आणि लगेच भरलं नाही, की कप्पाचा जीव जातो. आता ते आमच्यासारखेच परदेशात, हेन्डरसन उपनगरातल्या ओढ्याकाठी, आमच्या कुंपणापलीकडे राहतात. गल्लीत कोणाची तक्रार नाही, कारण कचऱ्याचा डबा ते वेळेवर बाहेर ठेवतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "मला नमस्कार करू नका. केलात तर मलाही वाकावं लागेल. आमच्यात तशी रीत आहे."

मराठी ते कुंपणावरूनच शिकले, मुख्यतः आमची भांडणं ऐकून. दर रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून पिशवीभर काकड्या आणतात. तरी मी कोशिंबिरीसाठी काकडी पिळायला घेतली की पेला घेऊन हजर. "पाणी टाकून देता? कमाल आहे तुमची." मग ते पाणी पिऊन इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणतात आणि चालू लागतात.

आमची मुलगी सई पाच वर्षांची झाली. इथे मुलं पाचव्या वाढदिवसापासूनच शाळेत जातात. औक्षण झालं आणि मी सवयीने म्हणालो, "मोठ्यांना नमस्कार करून ये." आई-बाबा उरकून ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. मी ओरडेपर्यंत तिने कावासानच्या पायांवर डोकं टेकवलं होतं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात मांड्यांवर ठेवून सावकाश कमरेतून वाकले. पाणी गवतावर सांडलं आणि ते कोसळले.

"पाणी," एवढंच मला म्हणता आलं. सईने दप्तरातली बाटली काढून त्यांच्या टाळूवर रिकामी केली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"ही इज ओल्डर दॅन यू, बाबा," सई मला म्हणाली.

मला रडू येत होतं, म्हणून मी चिडलो. "पाठ फिरवून आत जायचं ना, कावासान."

"इथे कोणी वाकतच नाही," ते म्हणाले. "भेटल्यावर नुसतं तोंडाने किया ओरा म्हणतात, हात हलवतात. आधी वाटलं, बरं झालं, जीव वाचला. मग तीस वर्षं झाली."

पुढच्या वाढदिवशी मी सईला घरातच थांबवलं. खिडकीतून पाहिलं, तर कावासान सकाळपासून कुंपणाशी उभे, हातात भरलेली बाटली. शेवटी मीच तिला घेऊन गेलो.

त्यांनी बाटली माझ्याकडे दिली. "टोपण काढून ठेवा," म्हणाले, आणि सईकडे वळले.